नव्या बाबाचं कौतुक: बाळ येण्याआधीपासून पहिल्या वर्षापर्यंत काय काय करता येईल

बाळ झालं की फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेले असतात. वजन किती? कुणावर गेलंय? आईची तब्येत कशी आहे? रात्री झोपू देतं का? या सगळ्यांना उत्तरं देत फिरणारा माणूस बहुतेक वेळा बाबाच असतो, आणि त्या अख्ख्या दिवसात त्याला स्वतःबद्दल कुणी काही विचारलेलं नसतं.

बाळंतीण थकलेली असते, तिच्याकडे आधी बघायलाच हवं. पण त्याच दिवशी आणखी एका माणसाचं आयुष्य मुळापासून बदललेलं असतं. त्याचं कौतुक करायचं म्हटलं की पटकन एखादी वस्तू सुचते. वस्तू जरूर द्या, पुढे त्याबद्दल सांगणारच आहे. पण इतक्या वर्षांत मित्रांच्या, भावंडांच्या घरी बाळं आलेली पाहून माझं मत पक्कं झालंय की नव्या बाबाला सगळ्यांत जास्त आनंद होतो तो बाळाजवळ जागा मिळाल्याचा. तो बाळाला घेऊन बसला असेल तर ते त्याच्या हातातून काढून घेऊ नये, तो डायपर बदलत असताना मागे उभं राहून सूचना देऊ नयेत, आणि त्याच्या वाटणीची इतर कामं आपण उचलावीत. पुढचं सगळं याच कसोटीवर निवडलं आहे.

बाळ येण्याआधी: चौकशी आणि एक पाकीट

सुरुवात प्रसूतीच्या महिनाभर आधी करा, कारण नंतर कुणालाच शांतपणे बोलायला वेळ नसतो. दोघांशी बोलताना तीन गोष्टी काढून घ्या. पहिले काही दिवस घरी मदतीला कोण आहे? त्याला सुट्टी किती आहे, कामावर कधी परतायचंय? आणि घरातलं कुठलं काम एरवी त्याच्याच अंगावर असतं, जे त्या दिवसांत अडेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत उपयोगी पडतं. कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं आणायची असतात, कुणाला कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचं असतं, कुणाला थोरल्या मुलीला शाळेत सोडायचं असतं. यातलं एक काम पंधरा दिवसांसाठी तुम्ही घ्या आणि तसं आत्ताच सांगून ठेवा. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आपण मनापासून बोलतो, पण त्यात काय लागेल ते शोधायचं आणि मागायचं काम त्याच्यावरच पडतं. तो मागत नाही. ‘सोमवारपासून कुत्र्याला मी फिरवतोय’ असं सांगितलं की त्याला फक्त हो म्हणायचं असतं.

काही घरांत बाळ सुखरूप हातात येईपर्यंत काहीच साजरं केलेलं चालत नाही. आधी गर्भपाताचं दुःख सोसलं असेल तर हे अधिकच. त्यामुळे आधी विचारा, आणि ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर तो विषय तिथेच ठेवा.

चालणार असेल, तर त्याला एक कोरा कागद आणि पाकीट द्या. बाळ यायच्या आधी त्याने बाळाला एक पत्र लिहायचं. खूप पुरुष इथे अडतात, ‘मला लिहिता येत नाही’ म्हणतात. मग समोर बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तीनच प्रश्न विचारा: बाळ येणार हे तुला कळलं तेव्हा तू कुठे होतास? तुझ्या लहानपणातली कुठली गोष्ट बाळाला मिळावी असं वाटतं? सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? दहा मिनिटांत त्याचं पत्र तयार होतं. तेच पुढे कागदावर उतरवून द्या, आणि आवाजाची फाइलही जपून ठेवा. बाळाला या आवाजाची ओळख तशीही होत असते. पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्यापासून, त्याला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. म्हणून पोटातल्या बाळाशी मोठ्याने बोलणाऱ्या बाबाला हसू नका.

आणखी एक छोटं काम, जे कुणाच्याही लक्षात राहत नाही. सोनोग्राफीची जी चित्रं हातात मिळतात ती बहुधा थर्मल कागदावर छापलेली असतात. उष्णतेने उमटणारा हा कागद उजेडाने आणि उकाड्याने हळूहळू फिका पडतो, आणि हौसेने गरम लॅमिनेशन करायला नेला तर सगळा काळा होतो. ते चित्र मागून घ्या, स्कॅन करा किंवा उजेडात नीट फोटो काढा, साध्या फोटो-कागदावर दोन प्रती छापा आणि मूळ चित्र पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवायला सांगा. छापलेल्यांतली एक प्रत त्याच्या खिशातल्या पैशांच्या पाकिटासाठी. ही भेट देऊन बघा, चेहरा कसा होतो ते.

पहिले दोन दिवस: निरोप, गाडी आणि एक फोटो

अभिनंदनाचा निरोप त्याच्या नावाने पाठवा. दोघांना मिळून एक निरोप तर असतोच, पण एक ओळ फक्त त्याच्यासाठी हवी. ‘तू बाबा झालास. फार आनंद झाला. उत्तर द्यायची गरज नाही, जमेल तेव्हा बोलू.’ एवढं पुरे. ‘उत्तर द्यायची गरज नाही’ हे शब्द विसरू नका, कारण त्या दिवशी त्याच्या फोनवर शंभरेक निरोप साचलेले असतात आणि प्रत्येकाचं देणं त्याला जाणवत असतं.

या निरोपात सल्ला नको. आणि ‘आता गेलं तुझं स्वातंत्र्य’, ‘आता झोपेला रामराम’ असली थट्टाही नको. नुकतंच आपलं बाळ पाहून आलेल्या माणसाला पहिली गोष्ट ऐकू येते ती काय गमावलं याची, हे मला कधीच पटलेलं नाही.

दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी गाडी चालवायला दुसरं कुणी असेल असं बघा. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि प्रसूतीच्या वेळी बाबा यापेक्षा कितीतरी जास्त जागलेला असतो. तुम्ही गाडी चालवा, त्याला मागे बाळाशेजारी बसू द्या. गाडीत बाळाची सीट असेल तर तिचं तोंड मागच्या बाजूला असावं लागतं. ती आधीच बसवून, पट्टे एकदा लावून-काढून बघा.

आणि फोटो. कॅमेरा बाबाच्या हातात असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या फोटोंत तो नसतो. माझ्या धाकट्या भावाच्या घरी हे मी मोजून पाहिलं होतं. चारशेच्या वर फोटो, आणि तो तीनमध्ये. त्यातल्या एकात नुसता कोपर. तेव्हापासून मी कुणाकडेही गेलो की फोन मागून घेतो आणि बाबा-बाळाचे फोटो काढतो. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, आणि ‘इकडे बघ’ म्हणायचं नाही. तो बाळाकडे बघत असतो तेव्हाचाच फोटो चांगला येतो. जवळून एक हाताचाही घ्या: त्याच्या बोटाभोवती वळलेली ती मूठ.

भेटायला जाताना

निघण्याआधी विचारा, आणि नाही म्हणायला सोपं जाईल असं विचारा: ‘शनिवारी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास येऊ का? नको असेल तर नुसतं नको लिही.’ सर्दी, ताप, पोट बिघडलेलं असेल तर स्वतःहून टाळा. ओठावर ताप उठून पुळी आली असेल तर मुळीच जाऊ नका. ज्या विषाणूमुळे ती येते तो नवजात बाळाला जिवावर बेतणारा ठरू शकतो. बाळाजवळ वारंवार जाणार असाल तर डांग्या खोकल्याच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा आणि घ्यायची असेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या. उग्र अत्तर लावून जाऊ नका. घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे साबणाने २० सेकंद हात धुणं. बाळाचे मुके घेऊ नका, हातांचेसुद्धा नाही, कारण ते हात तोंडातच जातात.

हे झालं बाळासाठी. बाबासाठी काय करायचं?

पहिला नमस्कार त्याला करा. ‘कसा आहेस?’ विचारा आणि ‘ठीक’ असं उत्तर आलं तरी थोडं थांबा. जन्माची गोष्ट त्याच्या तोंडून ऐका. प्रसूतीची कहाणी आईची असते हे खरं, पण त्या खोलीत तोही होता, आणि काहींनी तर बाहेरच्या बाकावर बसून ते तास काढलेले असतात. ही गोष्ट त्याला दोन-तीनदा तरी सांगायची असते. मध्ये आपल्या घरची गोष्ट घालू नका.

बाळ त्याच्याकडे असेल तर त्याच्याकडेच राहू द्या. नवजात बाळाला सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे हाताच्या कुशीत घेतल्यावर घेणाऱ्याचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावरचं. तो बाळाकडे वाकून बघत असेल तर बाळही त्याच्याकडेच बघत असतं. ते तुटू देऊ नका. बाळ रडलं म्हणून लगेच ‘दे, आईकडे दे’ असं ओरडू नका. त्याला दोन मिनिटं सावरू द्या.

मग उठून काम करा. सिंकमधली भांडी, वाळत घातलेली दुपटी, कचऱ्याची पिशवी. कुठली वस्तू कुठे ठेवू हे दर वेळी विचारत बसू नका. घर त्यांचं आहे, पण भांडी कुठेही ठेवलेली सापडतात.

एक संध्याकाळ मला चांगली आठवते. मित्राचं बाळ सहा आठवड्यांचं होतं, बायको आत झोपलेली. दार उघडलं तेव्हा बाळ त्याच्या डाव्या खांद्यावर, खांद्यावर ओलं फडकं, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. बोलताना तो एका लयीत डुलत होता, आणि आपण डुलतोय हे त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, आंघोळ करून ये, मी घेतो. तो दोनदा नको म्हणाला. मग गेला. बाळ माझ्या हातावर झोपलं आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, वीसेक मिनिटं तरी. बाहेर आला तेव्हा केस ओले, दोन्ही पायांत चप्पल. माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, ‘मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी प्रेम उसळून येईल. तसं नाही झालं. मागच्या मंगळवारी ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा झालं.’ हे तो आधी कुणाला बोलला नव्हता. त्या दिवशी मी बरोबर काही नेलं नव्हतं.

भेट काय द्यावी

वस्तू निवडताना डोळ्यांसमोर त्याचा एक हात आणा, कारण दुसऱ्या हातावर बाळ आहे. एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली. रात्री डोळ्यांवर येणार नाही असा मंद, पिवळसर दिवा. पुढून बटणं असलेले दोन सुती शर्ट, रोज धुता येतील असे. हे शर्ट उगाच नाही सुचवत. बाळाला फक्त लंगोट घालून बाबाच्या उघड्या छातीवर ठेवलं, पाठीवरून पांघरूण घातलं, तर बाळाच्या अंगाची ऊब टिकते आणि ते शांत होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. ‘कांगारू मदर केअर’ अशी ती आईच्या नावाने ओळखली जाते, पण बाबाची छातीही तितकीच उबदार असते. पुढून उघडणारा शर्ट देताना हेही त्याला सांगा.

बाळाला छातीशी बांधायची झोळी किंवा कॅरियर ही माझी सगळ्यांत आवडती भेट. बाळ जवळ, हात मोकळे, आणि बाबा खोलीभर फिरू शकतो. मात्र ती नुसती डब्यात घालून देऊ नका, बांधायची कशी ते एकदा दाखवा. कापड घट्ट असावं. बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा आणि मान वाकवली की टाळूचा मुका घेता येईल इतकं ते वर हवं. हनुवटी आणि छाती यांमध्ये निदान एका बोटाची जागा हवी, नाहीतर श्वास अडू शकतो. पाठीला पूर्ण आधार हवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळी नको.

त्याची स्वतःची पिशवीही द्या: त्याला आवडेल अशा रंगाची, त्यात चार डायपर, ओले वाइप्स, एक झबलं, एक फडकं. बाळाचं सामान बहुतेक घरांत आईच्या पिशवीत असतं, म्हणून तिच्याशिवाय बाहेर पडताना बाबा अडखळतो. स्वतःची भरलेली पिशवी दाराशी लटकत असली की तो बाळाला घेऊन एकटा निघतो.

झोपेची भेट देता येते आणि ती फुकट असते. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी घर जागं. ‘गुरुवारी दुपारी २ ते ६ मी बाळाजवळ आहे’ असं कार्डावर वार आणि वेळेसकट लिहा. वार नसलेली कुपनं ड्रॉवरमध्ये पडून राहतात. आई अंगावर पाजत असेल तर बाळ फक्त दुधापुरतं तिच्याकडे न्या; ढेकर काढणं, डायपर बदलणं, पुन्हा झोपवणं तुमच्याकडे. बाबाला त्याच्या खोलीत, फोनशिवाय, पाठवून द्या. आणि एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट सांगा: बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी लागू देऊ नकोस. गुदमरून किंवा अचानक बाळ दगावण्याचा धोका तिथे सगळ्यांत जास्त असतो. डोळे मिटायला लागले की बाळ त्याच्या जागी, पाठीवर, सपाट टणक गादीवर, उशी-खेळण्यांशिवाय.

काय देऊ नये, तर ‘बिचारा बाप’ छापाचे विनोदी कप आणि टी-शर्ट, किंवा दारू. झोप न झालेल्या आणि बाळाला सांभाळायच्या माणसाला दारूची भेट मला धोक्याची वाटते.

आठवणी जपायच्या असतील तर

पावलाचा ठसा सगळ्यांना आवडतो, आणि सगळ्यांचा पहिल्या प्रयत्नात फसतो. बाबाच्या हाताचा ठसा आणि त्याच्या तळव्यावर बाळाचं पाऊल असं एकाच कागदावर घेतलं की फार सुंदर दिसतं. असं करा:

१. बाळांसाठी सुरक्षित, पाण्याने धुता येणारी शाई घ्या. शिक्क्यांची साधी शाई नको.
२. आधी बाबाच्या हाताचा ठसा फिक्या रंगात घ्या आणि दिवसभर वाळू द्या.
३. दूध पिऊन बाळ गाढ झोपेल तेव्हा पाऊल घ्या. जागं बाळ बोटं आवळून घेतं.
४. बाळाला बाबाने धरायचं. पाऊल कागदावर नेऊ नका. जाड पुठ्ठ्यावर कागद लावून तो पावलाकडे आणा, टाचेपासून बोटांकडे हलकेच दाबा.
५. लगेच ओल्या फडक्याने पाऊल पुसा, बोटांच्या बेचक्यांसकट.

पाच-सहा कागद तयार ठेवा. मागे तारीख आणि बाळाचं वय पेन्सिलीने लिहा.

वहीचीही कल्पना चांगली, पण ती छोटी ठेवा. रोज लिहायची वही कुणीच पुरी करत नाही. आठवड्याला एक ओळ, वर्षाला ५२ ओळी. पहिल्या चार ओळी तुम्ही त्याला विचारून लिहून द्या, म्हणजे कोऱ्या पानाचा धाक जातो. ‘तिसरा आठवडा: नाळ गळून पडली, मी घाबरलो’ इतकी साधी ओळ चालते.

जमायचं असेल तर

मित्रमंडळींना एकत्र जमून काही करावंसं वाटतं. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आधी नको, बाळाच्या आईला विचारल्याशिवाय नको, आणि त्या वेळात तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं. नाहीतर त्याचं कौतुक तिच्या जागरणातून वसूल होतं. सहा-आठ माणसं, दोन तास, सगळं आवरून जायची जबाबदारी पाहुण्यांची. बाळ असेल तर रबरी फुगे लावू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा पुढे रांगणाऱ्या बाळाच्या घशात अडकू शकतो आणि तो पलंगाखाली महिनोन्महिने पडून राहतो.

या बैठकीत एक गोष्ट जरूर करा. प्रत्येकाने सांगायचं: आपल्या वडिलांनी, आजोबांनी किंवा वडिलांच्या जागी असलेल्या कुणी केलेली एक छोटी गोष्ट, जी आजही आठवते. कुणी सांगेल की बाबा परीक्षेच्या आदल्या रात्री पेन्सिली तासून ठेवायचे. कुणी म्हणेल, मी तापात असताना ते पायाशी बसून राहायचे, काही बोलायचे नाहीत. हे कुणीतरी लिहून घ्या आणि ते कागद त्याला द्या. ज्यांचं वडिलांशी जमलं नाही त्यांच्यावर बोलायची सक्ती नको, ‘पुढे चला’ एवढं म्हटलं की पुरे.

सहावा आठवडा: इथे खरी गरज असते

या टप्प्यावर मी मुद्दाम थांबतो. कौतुकाची लाट पहिल्या पंधरा दिवसांत येते आणि ओसरते. मदतीला आलेले परत जातात, सुट्टी संपते. आणि नेमकं याच सुमाराला, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, बाळाचं रडणं सगळ्यांत वाढलेलं असतं, विशेषतः संध्याकाळी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते कमी होतं, पण आत असलेल्याला तो शेवट दिसत नाही. याच आठवड्यांत बाळ पहिल्यांदा ओळखीचं हसू लागतं, आणि कामावर गेलेल्या बाबाचं ते हुकतं.

म्हणून जन्मतारखेपासून ४२ दिवस मोजा आणि ती तारीख आजच फोनमध्ये टाका. त्या दिवशी त्याला फोन करा, शक्य असेल तर घरी जा. पहिल्या दिवशी नेली नसेल ती भेट या दिवशी न्या. त्या वेळी घरात जो असेल त्याने हसऱ्या बाळाचा छोटा व्हिडिओ करून त्याला कामावर पाठवावा, हेही सुचवा.

आणि विचारा. पण ‘मजा येतेय ना?’ असं विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. ‘रात्री बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’ असं विचारा. ‘कुठला वेळ सगळ्यांत कठीण जातो?’ असं विचारा. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. त्यात बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. दहात एक. पुरुषांमध्ये ते रडण्यातून कमी आणि चिडचिडीतून, कामावर मुद्दाम रेंगाळण्यातून, दारू वाढण्यातून, बाळापासून लांब राहण्यातून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ तो असा दिसला तर ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जा. प्रसूतीनंतरचं नैराश्य तपासायची १९८७ सालची एडिनबरा प्रश्नावली मुळात आयांसाठी होती, दहाच प्रश्नांची. आता ती वडिलांसाठीही वापरतात. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले तर वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत गाठायची.

त्याला हेही कुणीतरी सांगून ठेवायला हवं: बाळ थांबतच नसेल आणि डोकं फिरायला लागलं तर बाळाला त्याच्या जागी पाठीवर ठेव, दार लोटून घे, पाच मिनिटं बाहेर जा, कुणाला तरी फोन कर. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, त्याने मेंदूला कायमची इजा होते. ‘तो फोन मला कर, रात्री तीनला केलास तरी चालेल’ हे शब्द मनापासून म्हणा, आणि फोन आवाजावर ठेवून झोपा.

याच दिवसांत त्याच्यात काहीतरी घडतही असतं. फिलिपाइन्समधल्या सेबू भागात ६२४ पुरुषांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बाबा झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन घटलं होतं, आणि जे रोज तीन तासांहून जास्त मुलाचं करत होते त्यांच्यात ते सगळ्यांत कमी होतं. बाळाला न्हाऊ घालणारा, रात्री खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस शरीरानेही बाबा होत जातो. हे त्याला सांगितलंत तर त्याला नवल वाटेल आणि बरंही वाटेल.

वेगळ्या वाटेने आलेले बाबा

बाळ अतिदक्षता विभागात असेल तर अभिनंदन करावं की नाही, असा प्रश्न पडतो. करावं. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावाने करावं. घरी आणि दवाखान्यात त्याच्या खेपा चाललेल्या असतात, तेव्हा चार्जर, पातळ शाल आणि बाहेर थांबायला सोबत हीच भेट. ‘कधी सोडणार?’ हे रोज विचारू नका.

दत्तक बाळाचा बाबा तितकाच नवा असतो. बाळ दोन वर्षांचं असलं तरी त्याचा पहिला दिवस आजच आहे. वयाप्रमाणे भेट बदला, बाकी काही बदलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या बाळाच्या बाबाला कुणी काही देत नाही. त्याला थोरल्या मुलाबरोबर एकट्याने घालवायला दोन तास मिळवून द्या. एकट्याने बाळ वाढवणाऱ्याला आठवड्यातला एक ठरलेला वार द्या आणि तो पाळा. बाळापासून लांब असलेल्या बाबाला बाळाचा वास असलेलं, न धुतलेलं एक झबलं पाकिटात घालून पाठवा.

ज्याचे स्वतःचे वडील आता नाहीत, त्याला या दिवसांत ते सारखे आठवतात. त्यांच्याबद्दल बोलायला कचरू नका. ‘आज त्यांना किती आनंद झाला असता’ हे म्हटल्यावर त्याचे डोळे भरले तर भरू द्या. आणि ज्याचं बाळ हाती लागलं नाही, तोही बाबा आहे. त्याला दरवर्षी त्या तारखेला एक निरोप पाठवा, बाळाचं नाव घेऊन.

पहिला फादर्स डे

हा दिवस अमेरिकेत स्पोकेन शहरात १९ जून १९१० रोजी पहिल्यांदा साजरा झाला. सोनोरा स्मार्ट डॉड हिच्या आईच्या मागे तिच्या वडिलांनी सहा मुलं वाढवली होती. त्यांच्यासाठी तिने तो लावून धरला. आता बऱ्याच देशांत तो जूनच्या तिसऱ्या रविवारी असतो, काही देशांत १९ मार्चला. बाळ तेव्हा आठवड्याचं असेल किंवा अकरा महिन्यांचं, त्याप्रमाणे बेत करा.

सकाळी त्याला उठेपर्यंत झोपू द्या. बाळाचं पहिलं दूध, पहिला डायपर दुसऱ्या कुणी करावा. तो उठला की बाळ त्याच्याकडे द्या आणि दोघांना बाहेर जाऊ द्या, त्याची पिशवी, त्याची झोळी घेऊन, कुणीही बरोबर न जाता. परत येईपर्यंत वर्षभरातले बाबा-बाळाचे बारा फोटो काढून ठेवा, महिन्याला एक, आणि मोठे छापलेले. त्याने बाळ यायच्या आधी लिहिलेलं पाकीट तुमच्याकडेच ठेवलं असेल तर तेही त्यांच्यावर ठेवा. अजून उघडलेलं नसेल तर उघडायचं की बाळ वाचायला शिकेपर्यंत थांबायचं, हे त्याला ठरवू द्या.